गुरुवारचं गोलबॉल

लेस्टरमधल्या त्या सरकारी सेकंडरी शाळेत मी पीई, म्हणजे शारीरिक शिक्षण, शिकवायला लागले, तेव्हा इयर एटच्या म्हणजे बारा-तेरा वर्षांच्या मुलींच्या वर्गातली एक मुलगी कायम बाकावर बसलेली असायची. बाकीच्या मुली नेटबॉल खेळत असायच्या आणि हिच्या मांडीवर क्लिपबोर्ड, त्यावर स्कोअरशीट. तिला नीट दिसत नाही, चेंडूचे खेळ तिला जमत नाहीत, म्हणून तिला स्कोअर लिहायचं काम दिलंय, असं मला आधीच्या शिक्षिकेनं सांगितलं होतं. मी नवीन होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. उलट शाळा किती समजूतदार आहे, असंच वाटलं.

तिसऱ्या की चौथ्या आठवड्यात मी सहज तिच्या शेजारी जाऊन बसले आणि शीट बघितली. सगळं बरोबर होतं. फक्त एक गोल जास्त लिहिलेला होता.

"हा कधी झाला?" मी विचारलं.

"नव्हता झाला? सगळ्या ओरडल्या ना, म्हणून मला वाटलं झाला."

मला कळायला जरा वेळ लागला. मग विचारलं, "तुला इथून ती गोलची रिंग दिसते का?"

"नाही."

"मग लिहितेस कशी?"

"कुठल्या टीमच्या मुली ओरडतात त्यावरून. इयर सेव्हनपासून असंच करते." तिनं खांदे उडवले. "कुणी चेक करत नाही, मिस."

तिला डोळ्यांच्या पडद्याचा आनुवंशिक आजार होता. कडेचं थोडंफार दिसायचं, पण जिथे बघायला जावं तिथेच पुसट. माणूस समोर आला की त्याचे कान, खांदे दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. हे तिनंच मला नंतर कधीतरी सांगितलं. त्या दिवशी मी नुसती घरी गेले आणि मला स्वतःची लाज वाटत राहिली. एक मुलगी वर्षभर आवाजावरून जवळजवळ अचूक स्कोअर लिहीत होती आणि तिला खेळता येणार नाही, असं आम्ही सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

मी नागपूरची. युनिव्हर्सिटीपर्यंत खो-खो खेळले. पाटीवर चौकोनात बसलं की अर्धा खेळ आपल्या पाठीमागे चालू असतो. मागून कोण धावत येतंय, किती जवळ आलंय, हे पावलांवरून ओळखायचं असतं आणि खो मिळाल्याबरोबर उठायचं असतं. त्यामुळे कानांनी खेळता येतं हे मला कुणी पटवून द्यायची गरज नव्हती. पण इंग्लंडमध्ये, खेळाच्या तासाला या मुलीसाठी नक्की काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले, दोन वर्षं टीचिंग असिस्टंट होते, मग इथलं ट्रेनिंग केलं. त्या ट्रेनिंगमध्येही असं कुणी काही शिकवलं नव्हतं.

कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, एक शिक्षिका महिन्यातून दोनदा शाळेत यायच्या. दृष्टी कमी असलेल्या मुलांना भेटायचं, त्यांची पुस्तकं मोठ्या अक्षरात मिळतात का ते बघायचं, हे त्यांचं काम. पन्नाशीच्या, भराभर चालणाऱ्या बाई. मी त्यांना स्टाफरूममध्ये गाठलं आणि बाकावरची गोष्ट सांगितली. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला.

"गोलबॉल ऐकलंयत?"

नव्हतं ऐकलं. पुढच्या खेपेला त्या एका पिशवीत चेंडू घेऊन आल्या. बास्केटबॉलएवढा, निळा, टणक रबराचा, चांगला वजनदार. त्याला भोकं होती आणि आत घुंगरं. जमिनीवरून सरपटवला की आवाज करत जायचा. खेळ साधा आहे: दोन्ही बाजूंना तीन-तीन खेळाडू, सगळ्यांच्या डोळ्यांवर जाड फोमच्या काळ्या पट्ट्या, म्हणजे थोडं दिसणारे आणि अजिबात न दिसणारे सारखेच. एका बाजूनं चेंडू जोरात घरंगळत सोडायचा, दुसऱ्या बाजूनं आवाज ऐकून आडवं पडून अंगावर अडवायचा; निसटून मागची रेषा ओलांडली की गोल. आणि खेळ चालू असताना हॉलमध्ये कुणी अवाक्षर काढायचं नाही.

आमच्या शाळेत अशी मुलं दोनच होती. शेजारच्या शाळेत एक, नदीपलीकडच्या शाळेत दोन, आणखी एकीत एक. एका शाळेची टीम होणं शक्यच नव्हतं. म्हणून चार सरकारी शाळा मिळून करायचं ठरलं. दर गुरुवारी शाळा सुटल्यावर आमच्या हॉलमध्ये. मुलांना आणायला-सोडायला कौन्सिलच्या टॅक्सी. कोणती मुलं, कोणते फॉर्म, कोणाची सही, हे सगळं माझ्या गळ्यात. माझे विभागप्रमुख भले गृहस्थ, पण ते म्हणाले, "सहा मुलांसाठी दर आठवड्याला अख्खा हॉल?"

"सहा नाही," मी म्हटलं, "त्यांचे मित्रमैत्रिणीही खेळतील. पट्टी बांधली की कुणीही खेळू शकतं."

पहिल्या गुरुवारी मी आणि शाळेची इमारत सांभाळणारा केअरटेकर दोघं गुडघ्यांवर बसून कोर्ट आखत होतो. या खेळात रेषा हाताला लागायला हव्यात, म्हणून जमिनीवर दोरी ठेवून वरून टेप लावायची. केअरटेकर सुरुवातीला बॅडमिंटनवाले तक्रार करतील म्हणून कुरकुरत होता. तासाभरानं त्यानंच डोळे मिटून हातानं रेषा चाचपून बघितली आणि म्हणाला, "इथे सैल आहे, परत लावू."

अडचण आली ती त्या मुलीच्या आईकडून. पॅरेंट्स ईव्हनिंगला त्या भेटल्या तेव्हा कळलं की कुटुंब मराठी आहे. त्यांचे आईवडील पुण्याहून इथे आलेले, त्या स्वतः लेस्टरमध्ये जन्मलेल्या. फार्मसिस्ट होत्या. आम्ही इंग्रजीतच बोलत होतो, पण माझं आडनाव बघून त्या मध्येच मराठीत आल्या.

"माझं मुलगी खूप नाजूक आहे," त्या म्हणाल्या. "तिला जे थोडा दिसतो, ते पण गेला तर?"

त्यांच्या मराठीतल्या चुका माझ्या कानाला तेव्हा जाणवल्याही नाहीत. त्यातली भीती तेवढी ऐकू आली. मी त्यांना म्हटलं, "डोळ्यांच्या डॉक्टरांचं पत्र येईपर्यंत मी तिला खेळवणार नाही. आणि तुम्ही एकदा या, पट्टी बांधून बघा."

पत्र आलं, हरकत नाही म्हणून. त्याही आल्या. कामावरच्या कपड्यांत, बूट काढून, पट्टी बांधून कोर्टावर उभ्या राहिल्या. मी हळूच चेंडू सोडला. त्या घाबरून एकदम उलट्या बाजूला सरकल्या. मुलगी कडेला उभी होती, ती हसत सुटली. "मम, डावीकडे! तो डावीकडे गेला!" दुसऱ्या वेळी आईनं पायानं अडवला. पट्टी काढून त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि फॉर्मवर सही केली.

त्यानंतरचे महिने चांगले गेले. ही मुलगी बाकावर असताना जेमतेम बोलायची. कोर्टावर ती तोंड बंद ठेवायला तयार नसायची. चेंडू थांबला रे थांबला की टीमला सूचना सुरू. "तू उशिरा पडलीस. तू माझ्या जागेत येऊ नकोस. पुन्हा." नदीपलीकडच्या शाळेतला एक अजिबात न दिसणारा मुलगा तिला 'बॉस' म्हणायचा. दर गुरुवारी बारा-तेरा मुलं येऊ लागली. आमची मॅच दुसऱ्या शहराच्या टीमशी ठरवावी, असंही बोलणं सुरू झालं.

मग जूनमधला तो गुरुवार आला.

त्या आठवड्यात विलक्षण उकडत होतं. हॉलमध्ये पंखा एकच, आणि त्याचा आवाज होतो म्हणून तो आम्ही बंद ठेवायचो. मुलं घामाघूम झाली. "मिस, दार उघडा ना, प्लीज." मैदानाकडचं दार मी उघडलं आणि खाली लाकडाची पाचर सरकवली. दार उघडं ठेवायचं नाही, हा नियम मीच केलेला होता. बाहेर शांतता होती. पाच मिनिटं हवा येईल, असा विचार केला.

खेळ चालू असताना बाहेर मैदानावर गवत कापायचं मशीन सुरू झालं. मला ऐकू आलं. हे मी अगदी स्पष्ट सांगते, कारण नंतर ते सांगायची वेळ आली: मला ऐकू आलं आणि मला वाटलं, एवढा एक थ्रो होऊ दे, मग थांबवते. शिट्टी माझ्या हातात होती. समोरच्या मुलानं पूर्ण ताकदीनं चेंडू सोडला. मशीनच्या घरघरीत घुंगरं बुडाली. ती नेहमीसारखी आडवी पडली, पण अंदाज चुकला, हातांऐवजी चेहराच चेंडूच्या वाटेत आला. आवाज झाला तो मला अजून आठवतो.

मी पोचले तेव्हा ती उठून बसली होती. नाकातून रक्त येत होतं आणि डाव्या डोळ्याखाली फुगायला लागलं होतं. डावा म्हणजे तिचा जरा बरा डोळा.

दर गुरुवारी मदतीला असणाऱ्या टीचिंग असिस्टंटनं बाकीच्या मुलांना सांभाळलं. मी तिच्या आईला फोन केला आणि तिला घेऊन हॉस्पिटलच्या डोळ्यांच्या कॅज्युअल्टीत गेले. गाडीत ती नाकाला टिश्यू लावून शांत बसली होती. मी दर मिनिटाला विचारत होते, "दिसतंय का? आधीसारखंच दिसतंय का?" शेवटी ती म्हणाली, "मिस, मला आधीही नीट दिसत नव्हतं. आता काय सांगू?"

आई औषधांच्या दुकानातून तशाच आल्या, पांढऱ्या कोटातच. मुलीला आत नेलं, डोळ्यांत थेंब घातले. बाहुली मोठी व्हायला वेळ लागतो, मग डॉक्टर पडदा बघणार. त्यांनी तिच्यासोबत आईला आत बसवलं, पण काही वेळानं नर्सनं काहीतरी भरून घ्यायला आईला बाहेर पाठवलं. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर आम्ही दोघी शेजारी बसलो. फॉर्म भरून झाला. त्या समोरच्या भिंतीकडे बघत होत्या.

मी विचार करत होते की डॉक्टर काय म्हणतात ते ऐकून मग सांगावं. डोळा ठीक असेल तर सांगणं सोपं जाईल. आणि नसेल तर? तेव्हा मला सांगवेल का? त्या विचारानंच मला भीती वाटली आणि मी बोलून टाकलं.

"चूक माझी आहे. मी दार उघडं ठेवलं होतं. बाहेर मशीन सुरू झालं, तिला चेंडू ऐकू आला नसणार. मला मशीन ऐकू आलं होतं. मी खेळ थांबवायला हवा होता. नाही थांबवला."

त्या माझ्याकडे वळल्या. मग उठल्या आणि आत गेल्या.

मी एकटी बसले. संध्याकाळचे सात वाजत आले होते, खिडकीतून अजून लख्ख ऊन येत होतं. मी नोकरीचा विचार करत नव्हते. एवढंच मनात चाललं होतं की एका मुलीला बाकावरून उठवायला मी गेले आणि तिच्याजवळ होतं तेही घालवलं.

दार उघडलं आणि नर्सनं मला आत बोलावलं. मुलगी खुर्चीत बसली होती, गाल सुजलेला, बाहुल्या काळ्याभोर, मोठ्या. तरुण डॉक्टर हसत होत्या. "पडद्याला काही झालेलं नाही. जसा आधी होता तसाच आहे. पट्टीच्या जाड फोमनं बराच मार झेलला. गालाचं हाडही ठीक आहे. आठवडाभर काळंनिळं दिसेल."

मी तिथल्या स्टूलवर बसले. मुलगी म्हणाली, "मिस, एक विचारू?"

"विचार."

"गोल झाला का?"

"काय?"

"माझ्या तोंडाला लागून चेंडू कुठे गेला? गोल झाला का?"

मी तिच्या आईकडे बघितलं. त्यांनी डोळे पुसले आणि मान फिरवली.

"नाही झाला," मी म्हटलं. "तू अडवलास."

"येस," ती म्हणाली, आणि सुजलेल्या गालानं जमेल तेवढी हसली. मी मात्र रडायला लागले. डॉक्टरांनी टिश्यूचा डबा माझ्यापुढे केला.

दुसऱ्या दिवशी मी मुख्याध्यापिकांना सगळं लेखी दिलं, दारासकट. त्यांनी गोलबॉल तूर्त बंद केलं. त्यांचं चुकलं असं मला वाटलं नाही. टर्मचे उरलेले आठवडे ती मुलगी पीईच्या तासाला आली की तिला पुन्हा क्लिपबोर्ड द्यायचा का, असा प्रश्न आला. तिनं तो घेतलाच नाही. "मी बाकावर बसणार नाही," असं तिनं मला सरळ सांगितलं, आणि जिममध्ये जाऊन रोइंग मशीनवर बसली. तिच्या आईकडून काही आलं नाही. फोन नाही, ईमेल नाही. सुट्टीत मी नागपूरला गेले, तिथेही माझं मन लागेना. आई म्हणाली, "वाळलीस." नवरा म्हणाला, "त्यांनी तक्रार केली असती तर आत्तापर्यंत कळलं असतं." मला ते पटत नव्हतं. गप्प राहणाऱ्या माणसाचा राग मोठा असतो, असं मी मनाशी धरून बसले होते.

सप्टेंबरमध्ये मीटिंग लागली. मुख्याध्यापिका, मी, कौन्सिलच्या त्या शिक्षिका आणि मुलीची आई. त्या एक वही घेऊन आल्या होत्या. त्यांनी वही उघडली आणि इंग्रजीत, शांतपणे वाचायला सुरुवात केली. चेहऱ्यासाठी संरक्षक मास्क मिळतो का? दुखापत झाली तर कुणाला कोणत्या क्रमानं फोन? बाहेर गवत कापायच्या वेळा शाळेकडून आधी का कळत नाहीत? आणि दारापाशी कोण उभं राहतं?

मी म्हटलं, "दारापाशी कुणीच नसतं."

"मग मी उभी राहते," त्या म्हणाल्या. "गुरुवारी माझी दुपारची शिफ्ट बदलून घेतली आहे."

मला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही. मुख्याध्यापिकांनी विचारलं, "म्हणजे हे चालू राहावं असं तुम्हाला वाटतं?"

"अर्थात. सहा आठवडे ती घरात उशा फेकतेय आणि तिच्या भावाला अडवायला लावतेय. माझ्या घरातल्या दोन फ्रेम फुटल्या." मग त्या माझ्याकडे वळून मराठीत बोलल्या. "त्या दिवशी तुम्ही मला आधी सांगितला. डॉक्टरच्या आधी. मी खूप चिडला होता, म्हणून बोलला नाही. पण ते तुम्ही चांगला केला."

मी नुसती मान हलवली. बोलायला गेले असते तर पुन्हा टिश्यूचा डबा लागला असता. बाहेर कॉरिडॉरमध्ये आल्यावर कौन्सिलच्या शिक्षिकेनं माझ्या पाठीवर जोरात थाप मारली आणि "श्वास घ्या आता" असं म्हणून त्या आपल्या भराभर चालीनं पुढच्या शाळेकडे निघून गेल्या. मी जिन्याच्या पायरीवर बसले. तीन महिन्यांचं ओझं कुणीतरी खाली ठेवल्यासारखं वाटलं, खांदे खरोखर दुखायला लागले.

नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या शहराची टीम आमच्या हॉलमध्ये आली. आम्ही दोन गोलांनी हरलो. मुलीनं हरल्याबद्दल सगळ्यांना, मला धरून, बोल लावले. तिच्या आईनं दार असं सांभाळलं की मॅच बघायला उशिरा आलेल्या मुख्याध्यापिकांनाही खेळ थांबेपर्यंत बाहेर उभं केलं. ओठांवर बोट ठेवून, काचेतून. मुख्याध्यापिका निमूटपणे उभ्या राहिल्या.

ती मुलगी आता कॉलेजात आहे आणि वीकएंडला एका क्लबकडून खेळते. तिची नजर आणखी थोडी कमी झाली आहे. तो आजारच तसा आहे, आणि ते तिनंच मला फोनवर सांगितलं, घाईत, कारण तिला पुढे प्रॅक्टिसबद्दल बोलायचं होतं. आमचं गोलबॉल सहा शाळांत पोचलंय. नव्या आलेल्या एका शिक्षिकेनं दोन शाळा सांभाळायला घेतल्या आहेत.

मागच्या महिन्यात मला सडकून ताप आला. गुरुवार होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी घरी आणि मुलं हॉलमध्ये. दुपारभर पांघरुणात पडून घड्याळ बघत होते. दारं, पंखा, टॅक्सी, फॉर्म, सगळं डोक्यात फिरत होतं. साडेपाचला माझ्या जागी हॉलवर गेलेल्या त्या नव्या शिक्षिकेचा मेसेज आला: "चौदा मुलं आली. सगळी घरी पोचली. तुम्ही झोपा."

मी फोन उशाशी उलटा ठेवला आणि खरंच झोपले. नवऱ्यानं जेवायला उठवलं तेव्हा ताप उतरला होता.